मदत हवी आहे: द्रावक काढल्यावर स्फटिकातील पोकळी टिकत नाही

नमस्कार. ट्रिप्टिसीनचा (तीन बेंझिन वलये पंख्याच्या पात्यांसारखी जोडलेल्या रेणूचा) गाभा असलेल्या कडक सेंद्रिय रेणूंपासून सच्छिद्र स्फटिक बनवण्याचे माझे काम सुरू असून एका अडचणीबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. ट्रिप्टिसीनची तीन पाती एकमेकींशी सुमारे 120 अंशांचा कोन करतात, त्यामुळे असे रेणू घट्ट रचले जाऊ शकत नाहीत आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा उरते. 2012 साली मास्टालेर्झ आणि ओपेल या रसायनशास्त्रज्ञांनी याच गाभ्याला बेंझिमिडॅझोलोन (हायड्रोजन बंध करणारे नायट्रोजनयुक्त वलयी) गट जोडून, केवळ हायड्रोजन बंधांच्या आधाराने, दर ग्रॅमला 2796 चौरस मीटर पृष्ठफळ मिळवले होते. ते आजही मला थक्क करते.

माझ्या रेणूच्या टोकांना कार्बॉक्सिलिक आम्ल गट आहेत. द्रावक आत असताना क्ष-किरण रचनेत रुंद वाहिन्या स्पष्ट दिसतात, परंतु निर्वातात तापवून तो काढला की पोकळी मोजण्याच्या नेहमीच्या चाचणीत 77 केल्विनला नायट्रोजन जवळजवळ शोषलाच जात नाही आणि चूर्णाच्या क्ष-किरण विवर्तनातील शिखरे पसरट होतात, म्हणजे स्फटिकाची सुव्यवस्था कमी झालेली दिसते. रचना कोसळत असावी असा माझा अंदाज आहे. तरी इतक्या कमी तापमानाला अरुंद वाटांतून नायट्रोजन अतिशय सावकाश आत शिरतो, ही शक्यताही नाकारता येत नाही. 195 केल्विनला, म्हणजे त्याहून अधिक तापमानाला, कार्बन डायऑक्साइड शोषून पाहिल्यास हा फरक खात्रीने कळेल का? द्रावकाच्या जागी आधी पेंटेनसारखा कमी पृष्ठताणाचा (निघून जाताना पोकळ्यांच्या भिंती कमी ओढणारा) द्रव आणावा, की थेट अतिक्रांतिक (जास्त दाबाखाली द्रव-वायू असा भेद न उरलेल्या) कार्बन डायऑक्साइडने वाळवावे? की आम्लगटांचे जोडीने होणारे बंध मुळातच अपुरे असल्याने टोकेच बदलणे योग्य ठरेल? प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.