पावसाळ्यात कुत्र्याचे कान दर आठवड्याला धुवावेत का?

लॅबवाला_ठाणे
जून ते सप्टेंबर ठाणे-मुंबई-कोकणात लॅब्रेडॉर, कॉकर, गोल्डन यांच्या कानांची वाट लागते. लोंबता कान, आत वारा नाही, वर दमट हवा. माझं मत स्पष्ट आहे: लोंबत्या कानाच्या प्रत्येक कुत्र्याला या चार महिन्यांत आठवड्यातून एकदा इअर क्लीनर घालावाच. पद्धत मात्र नीट हवी. बाटली आधी कोमट पाण्याच्या मगात ठेवा, गार द्रव कानात गेला की कुत्रं पुढच्या वेळी जवळ येऊ देत नाही. कान वर उभा धरा, बाटलीचं टोक आत न टेकवता नळी भरेपर्यंत ओता. कानाच्या बुडाशी बोटांना एक टणक नळी लागते, ती बाहेरून २०-३० सेकंद चोळा. पचपच आवाज आला म्हणजे द्रव खाली पोचला. मग सोडून द्या, त्याला डोकं झटकू द्या आणि वर आलेला मळ कापसाने टिपा. बोट जाईल तेवढंच आत.

पशुवैद्य_कोल्हापूर
पद्धत बरोबर आहे, "प्रत्येक कुत्र्याला" हे मान्य नाही. निरोगी कान स्वतःला साफ ठेवतो. पडद्यापासून त्वचेचा वरचा थर हळूहळू बाहेर सरकत असतो आणि मळ सोबत आणतो. आतून फिकट गुलाबी, वास नाही, किंचित मळ, अशा कानात काहीही ओतू नये. तो सतत ओला ठेवला की त्वचा भिजून मऊ पडते आणि जे यीस्ट (एक सूक्ष्म बुरशी) तिथे मुळात थोडंसं असतंच, त्याला रान मोकळं मिळतं. पावसाळा निमित्त असतो. वारंवार कान बिघडणाऱ्या बहुतेक कुत्र्यांत मूळ कारण ॲलर्जी असते. पंजे चाटणं, काखा आणि पोट लाल होणं सोबत असेल तर क्लीनर बदलत बसून उपयोग नाही.

लॅबवाला_ठाणे
पटतंय, पण व्यवहारात लोक कान उघडून बघतच नाहीत. आठवड्याचा वार ठरला तर निदान कान पाहिला तरी जातो.

पशुवैद्य_कोल्हापूर
मग वार बघण्याचा ठरवा. रविवारी दोन्ही कान उलटून बघा आणि हुंगा. आंबूस वास आणि तपकिरी मेणचट मळ असेल तर बहुधा यीस्ट. कॉफीच्या चोथ्यासारखा कोरडा काळा मळ, त्यात पिल्लू किंवा घरात मांजर असेल, तर कानातल्या माइट्सचा (बारीक परजीवी किड्यांचा) संशय घ्या. पातळ, हिरवट-पिवळा पू आणि हात लावू न देणं म्हणजे त्याच दिवशी दवाखाना.

सिंधुदुर्गकर
आमच्याकडे कोमट खोबरेलाचे दोन थेंब घालतात, मळ मऊ होऊन बाहेर येतो. सहाशे रुपयांच्या बाटलीची गरज काय?

ग्रूमिंग_पुणे
मळ मऊ होतो, पण तेल बाहेर येत नाही. कुत्र्याची कानाची नळी आधी सरळ खाली जाते आणि मग आत वळते, त्या वळणावर तेल साचतं. यीस्टला स्निग्ध जागा मानवतेच. माइट्स गुदमरवायला पूर्वी तेल वापरत हे खरं, पण आता गोचिडांसाठीच्या काही चघळायच्या गोळ्यांनीच ते काम होतं. व्हिनेगर-पाणी आणि हायड्रोजन पेरॉक्साइडही नको, खरचटलेल्या कातडीवर दोन्ही झोंबतात. इअरबडने तर मळ त्याच वळणावर ठासला जातो.
शिह त्झू आणि पूडलच्या कानातले केस मात्र उपटलेच पाहिजेत, नाहीतर वारा खेळत नाही.

पशुवैद्य_कोल्हापूर
पहिला भाग शंभर टक्के बरोबर. केसांबद्दल विरोध. कान निरोगी असेल तर उपटू नका, मुळांशी सूज येते आणि तिथेच संसर्ग धरतो. केसांत मळ अडकून औषध खाली पोचत नसेल तेव्हाच काढावेत, तेही थोडे थोडे.

ग्रूमिंग_पुणे
चिमूटभर केस हळू काढले तर सूज येत नाही. दाट गुंता तसाच ठेवला तर क्लीनर वरच अडून राहतो आणि आत ओल धरते. गुंता दिसला की काढावा, या मतावर मी ठाम आहे.

लॅबवाला_ठाणे
बरं, आणि घरात मागच्या वेळचे थेंब उरलेले असतील तर?

पशुवैद्य_कोल्हापूर
घालू नका. त्या थेंबांत बहुतेक वेळा अँटिबायोटिक, बुरशीनाशक आणि स्टेरॉइड एकत्र असतात. स्टेरॉइडने खाज दबते, कुत्रं बरं वाटतं आणि खाली स्यूडोमोनास हा चिवट जिवाणू वाढत राहतो. स्वॅबने, म्हणजे कापसाच्या काडीने घेतलेला मळ काचेवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला दहा मिनिटं पुरतात. भुईमुगाच्या शेंगेसारखे दिसतात ते यीस्ट, दांडक्यांसारखे जिवाणू दिसले तर औषध वेगळं.
दुसरं, मान एका बाजूला कलली असेल किंवा चालताना तोल जात असेल तर क्लीनरसुद्धा ओतू नका. पडदा फाटलेला असू शकतो, आणि क्लोरहेक्सिडिन (जंतुनाशक), अल्कोहोल किंवा जेंटामायसिन (अँटिबायोटिक) मधल्या कानात गेलं तर कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. पडदा तपासेपर्यंत फक्त बाहेरचा मळ टिपा.

सिंधुदुर्गकर
तेल बंद करतो. पण आमची कुत्री पावसात ओढ्यात उतरतातच, त्यांचं काय?

लॅबवाला_ठाणे
तिथे माझा आग्रह कायम आहे. पोहून आल्यावर त्याच दिवशी सुकवणारा क्लीनर घालावा.

पशुवैद्य_कोल्हापूर
पोहणाऱ्यांना माझीही हरकत नाही, कान लाल किंवा सोललेला नसेल तर. पाण्यातून आल्यावर एकदाच घाला. आणि ओढ्याकाठच्या गवतातून आलेलं कुत्रं असेल तर कानाच्या घडीत गोचीड आहे का ते आधी बघा, तिथे ती हमखास चिकटते.