चमच्यावरचे शिक्के: साल कसं काढायचं?

प्रश्न: सोलापुरात सराफाकडे मोडीत आलेला इंग्रजी चमचा घेतलाय. दांड्यामागे चालता सिंह, जहाजाचा नांगर, राणीचं डोकं आणि एक अक्षर. साल कुठलं?

उत्तर १: सिंह म्हणजे ९२.५ टक्के चांदी, नांगर बर्मिंगहॅमच्या चांदी-तपासणी कचेरीचा. डोकं हा कर भरल्याचा शिक्का, १८९० पर्यंतच मारत. व्हिक्टोरिया असेल तर १८३७ ते १८९० च्या मधला. नेमकं साल अक्षरावरून. दरवर्षी पुढचं अक्षर, वर्णमाला संपली की नवी फेरी; तेच अक्षर दर फेरीत परत येतं, म्हणून अक्षराचं वळण आणि भोवतीच्या चौकटीचा आकार बर्मिंगहॅमच्याच साल-अक्षरांच्या तक्त्याशी ताडा. लंडनचा तक्ता लावलात की साल चुकलंच.

प्रश्नकर्ता: अक्षर पुसट आहे. चिंचेने घासू?

उत्तर २: मुळीच नको! कोमट पाणी, साबण, मऊ कापड, बस्स. मग दहापट भिंगाखाली तिरप्या उजेडात बघा. पॉलिशलाही देऊ नका, बफच्या चाकावर शिक्के सपाट होतात. आणि 'ईपीएनएस' अशी अक्षरं असतील, तर चांदी नाही, दुसऱ्या धातूवर नुसता चांदीचा मुलामा.