मित्राची कथा छापून आली की पोटात दुखतं, ते दाबायचं की वापरायचं?

गंगावेसकर
आम्ही चौघं दर रविवारी रंकाळ्यावर बसतो, लिहिलेलं एकमेकांना वाचून दाखवतो. यंदा मी आणि एका मित्रानं एकाच दिवाळी अंकाला कथा पाठवली, त्याची घेतली, माझी साभार परत. अंक आला तेव्हा पेढे मीच आणले आणि घरी येऊन त्याची कथा चारदा वाचली, चुका शोधायला. एक सापडली पण, भर श्रावणात फडात ऊसतोड चाललेली दाखवलीय, आणि ती सापडल्यावर जो आनंद झाला ना त्याची लाज अजून जात नाही. त्यानंतर तीन आठवडे एक ओळ लिहिली नाही. तरी माझं मत असं की हे जळणं दाबू नये, त्याच्या जोरावरच लिहावं. तालमीत जोडीचा पोरगा पुढं गेला की दुसरा जास्त जोर मारतो, तसं.

लाल_माती
भावा, तालमीचं उदाहरण चुकलं. मी सहा वर्षं तालमीत काढलीत. खासबागेच्या कुस्ती मैदानात एकाची पाठ मातीला लागल्याशिवाय दुसरा जिंकत नाही, त्याची कथा आली म्हणून तुझी पाठ लागली का? आणि हरलेल्याला वस्ताद राग राग जोर मारू देत नाही, ज्या डावात सापडला तोच डाव परत परत करून घेतो. राग दोन दिवस पुरतो, पुढं काय? चारदा वाचलीस, त्यात एकदा तरी त्यानं सुरुवात कशी केलीय ते बघितलंस का?

गंगावेसकर
नाही बघितलं, खरंय. पण अंकात कथा घेतात मोजक्याच, म्हणजे जागेसाठी कुस्ती आहेच की.

पाचची_गाडी
मत्सराचं सोडा, खरी गोची शंकेची आहे, आपल्याला जमतंय का नाही. अशा वेळी मी खांडेकरांचं आठवतो. जन्म १८९८ चा आणि 'ययाति' आली १९५९ ला, म्हणजे एकसष्टाव्या वर्षी. उशीर असा काही नसतोच.

डावं_पान
हे उदाहरण सगळे देतात आणि ते आपल्याला लागू पडत नाही. खांडेकर १९४१ लाच सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, 'ययाति'च्या आधी अठरा वर्षं. आणि वयच काढायचं तर शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ ला आली तेव्हा ते जेमतेम सत्तावीसचे होते, मग रडत बसायचं का? वयाचा हिशोबच नको.

मी काय करते सांगते. वहीत फक्त उजव्या पानावर लिहिते, डावं कोरं. लिहिताना शंका आली की डाव्या पानावर दोन शब्द टिपायचे, 'संवाद खोटा', 'इथं कंटाळा', आणि तसंच पुढं जायचं. 'मला जमत नाही' हे टिपायला गेले की कळतं ते कुठल्या ओळीसमोर लिहायचं हेच सांगता येत नाही. ज्या शंकेला ओळ नाही तिच्याकडं मी लक्ष देत नाही, आणि जिला आहे ती मला हवीच असते, तिच्यामुळंच दुसरा खर्डा सुधारतो. म्हणून 'शंका घालवा' असं कुणी म्हटलं की मला पटत नाही.

लाल_माती
हे बेस्ट. पण मत्सराला कुठलं पान?

गंगावेसकर
काल परत आलेली कथा घेऊन बसलो, डाव्या पानावर सात टिपा निघाल्या. मग मित्राला फोन केला आणि श्रावणातल्या ऊसतोडीचं सांगूनच टाकलं. तो गप्पच झाला, मग म्हणाला, अरे पाठवायच्या आधी तुम्हालाच वाचून दाखवली होती की रविवारी, तेव्हा का नाही सांगितलंस. आणि खरंच दाखवली होती. मी त्या दिवशी ऐकतच नव्हतो, त्याची संपली की माझी वाचायची म्हणून कागद लावत बसलो होतो.