मदत हवी आहे : वाचलेलं पेपरात आठवत नाही
मुलगी रोज तीन तास मन लावून अभ्यास करते, पण पेपर हातात आला की काहीच आठवत नाही म्हणते. तिचं विज्ञानाचं पुस्तक उघडलं, तर जवळजवळ प्रत्येक ओळ हायलायटरने पिवळी केलेली. काल पुस्तक मिटून प्रकाशसंश्लेषण सांगायला लावलं. दुसऱ्याच वाक्याला अडकली, डोळ्यांत पाणी आलं.

नुसतं वाचण्यापेक्षा न बघता आठवून लिहिलेलं जास्त टिकतं, हे मला पटलंय. एका दमात घोकण्यापेक्षा दिवस सोडून केलेली उजळणी बरी, हे स्मरणशक्तीवर प्रयोग करणाऱ्या जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ मध्येच लिहून ठेवलंय. पण परीक्षेला १८ दिवस, विषय सहा! नवा धडा आणि जुन्याची उजळणी यांचा रोज मेळ कसा घालायचा? कुणी मुलांकडून असं करून घेतलं असेल, तर वेळापत्रक सांगाल का?