सेन्सर असले तरी पट्टा हवाच

एकांनी लिहिलंय की रडारवाली (म्हणजे पुढचा अडथळा सेन्सरने ओळखणारी) गाडी आपणहून ब्रेक मारते, मग सीटबेल्टची कटकट कशाला? वाचून राहवलं नाही.

गेल्या पावसाळ्यात फोंड्याहून पणजीला येत होतो. बाणस्तारीजवळ रस्त्यात गुरं बसलेली, पुढच्या टेम्पोने करकचून ब्रेक मारला. मेहुण्याच्या अशाच गाडीत आधी अलार्म वाजला, लगेच पट्टा छातीवर असा आवळला की श्वासच अडकला, आणि गाडी थांबली. टेम्पोच्या फाळक्यावरचा चिखल स्पष्ट दिसत होता, इतक्या जवळ.

तो पट्टा उगाच आवळत नाही. धडकेआधी माणूस सीटला टेकलेला हवा. मर्सिडीजने २००२ साली एस-क्लासमध्ये प्री-सेफ, म्हणजे धडकेआधीच गाडी नि माणूस तयार करणारी यंत्रणा, आणली, त्यातही हेच होतं. एअरबॅग साधारण ३० मिलिसेकंदांत फुगते. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. पट्टा नसेल तर ब्रेक लागतानाच तुम्ही पुढे फेकले जाता आणि ती फुगणारी पिशवी थेट तोंडावर आदळते.

पट्टा न लावल्याचा अलार्म गप्प करायला नुसतं बक्कल खोचणाऱ्यांना तर हात जोडून विनंती आहे, ते आजच काढा. गाडीला वाटतं पट्टा लावलाय. आणि हो, पावसात बंपरवरचा, काचेवरच्या कॅमेऱ्यासमोरचा चिखल पुसत जा, नाहीतर सेन्सरला पुढचं नीट दिसत नाही.