मदत हवी आहे: पणजोबांचं पुस्तक विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयावर चढवताना अडलोय

नमस्कार मंडळी. पणजोबांनी १९२४ साली छापलेलं ओव्यांचं पुस्तक माळ्यावर सापडलं. ते १९५१ साली वारले, म्हणजे मृत्यूनंतरची ६० वर्षं कधीच उलटली. प्रताधिकाराची अडचण नसावी. स्कॅन कॉमन्सवर (विकिमीडियाच्या मुक्त फायलींच्या साठ्यावर) टाकलं, मराठी विकिस्रोतावर अनुक्रमणिकाही (स्कॅनची सगळी पानं एकत्र दाखवणारं पान) बनवली. घोडं अडलंय ओसीआरपाशी, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखून मजकूर बनवणाऱ्या प्रणालीपाशी. ‘ख’चा ‘रव’ होतो, जोडाक्षरांचा तर पार चिवडा! जुन्या छपाईला त्यातल्या त्यात बरं ओसीआर कोणतं?

शिवाय ‘कांहीं’, ‘नाहीं’ यांवरचे अनुस्वार तसेच ठेवायचे ना? मी ठेवतोय. बायको म्हणते, वाचणार कोण?

आणि हो, विकिस्रोतावर मी तपासलेलं पिवळं पान (एकदा तपासलेलं) हिरवं (दुसऱ्यांदा तपासून पक्कं) व्हायला दुसराच सदस्य लागतो. कुणी दहाएक पानं तपासून द्याल का?