पेटी आपल्या परंपरेतली कधी झाली?

खर्जप्रेमी: काल येथे एका सदस्याने लिहिले की पेटीच्या साथीशिवाय ख्याल अळणी लागतो आणि पेटी ही आपली शतकानुशतकांची परंपरा आहे. हे वाचून गप्प बसवेना. पेटीचे, म्हणजे हार्मोनियमचे, पेटंट फ्रेंच वाद्यनिर्माते देबँ यांनी पॅरिसमध्ये १८४२ साली घेतले. आकाशवाणीने १९४० साली पेटी वर्ज्य ठरवली आणि ती बंदी १९७१पर्यंत टिकली. रवींद्रनाथांचाही तिला विरोध होता. त्या पिढीतील जाणकारांना जो आवाज खटकत होता, तोच आज आपल्या सुरेलपणाचा मापदंड झाला आहे. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गांधार ऐका आणि मग समान अंतरांवर लावलेल्या पेटीचा गांधार दाबून पाहा. तो सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वरांतराचा शंभरावा भाग) चढा लागतो.

भातावाले: सेंट मोजत गाणे ऐकणाऱ्यांना माझा दंडवत. थोर ख्यालगायक भास्करबुवा बखले यांना पेटीवादक गोविंदराव टेंबे यांच्या पेटीची साथ चालत होती. त्यांचा कान कच्चा होता काय? शिवाय या बंदीचा हिरिरीने पुरस्कार करणारे जॉन फाउल्ड्स हे इंग्रज संगीतकार होते, ही गंमत आपण सोयीस्करपणे गाळलीत.

सांगलीकर: पेटीवर कसले भांडता? खरा घात इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याने केला आहे. माझी भाची एका वर्गात जाते. तेथे खरा तंबोरा भिंतीला टेकवलेला असतो आणि भ्रमणध्वनीवर यंत्र सुरू असते. जवारी (घोडीवर तारेला येणारी झणझणती गुंज) कशी लावतात, सुताचा धागा कोठे सरकवला की तार बोलू लागते, हे तिला कोणी दाखवलेच नाही. उद्या तिला खऱ्या तंबोऱ्याचा झणत्कारच खरखर वाटेल.

भातावाले: भाड्याच्या दोन खोल्यांत तंबोरे कोठे ठेवायचे, तेही सांगा! मी त्या यंत्रावरच रियाज केला आणि माझा षड्ज कोणाला खटकलेला नाही.

सांगलीकर: आपल्याला खटकला नाही, असे म्हणा. श्रोत्यांना कोणी विचारले आहे?

खर्जप्रेमी: दोघांनीही माझेच म्हणणे सिद्ध केले: ज्या आवाजात कान वाढतो, तोच त्याला सुरेल वाटतो.

भातावाले: बरे, दरबारी रागातला आंदोलित, म्हणजे संथ झुलणारा, कोमल गांधार पेटीवर निघत नाही, हे मान्य, आपल्या समाधानासाठी कागदावर लिहून देतो. मात्र बखलेबुवांविषयीच्या प्रश्नाचे उत्तर अजून आलेले नाही.